ग्रंथाशी वाद घालणारी माणसे

बंगळुरूच्या बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. नाव पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. १९४५ मध्ये ती उभी केली डी. व्ही. गुंडप्पा यांनी, अवघा कर्नाटक त्यांना ‘डीव्हीजी’ म्हणतो. राजकारणाच्या अभ्यासासाठी काढलेल्या या संस्थेत गीतेचे वर्गही भरत. त्यातूनच आलेल्या त्यांच्या गीताविवेचनाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हा माणूस मॅट्रिकही नव्हता. पत्रकारितेवर घर चालवायचे, त्यात पत्नी लवकर गेली. पदरी मुले होती, तरी त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. अशा आयुष्यातून १९४३ मध्ये ‘मंकुतिम्मन कग्ग’ आले. चार-चार ओळींची ९४५ मुक्तके. कन्नड घरांत आजही संकटकाळी त्यातले एखादे सहज ओठांवर येते.

‘कग्ग’ची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. देवाला नमस्कार करून होतो न होतो तोच कवी प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो: जगण्याला अर्थ काय, ही सृष्टी कुणी आणि कशासाठी मांडली? आणि मुक्तकाच्या शेवटी हाक असते ती मंकुतिम्माला, म्हणजे स्वतःलाच. उपदेश करणारा आणि ऐकणारा एकच. दुःखात असलेल्या माणसाला वरून आलेले शहाणपण नकोसे होते. शेजारी बसून स्वतःची समजूत घालणाऱ्याचे बोलणे मात्र तो ऐकतो. ‘कग्ग’ टिकले ते यामुळे.

आपल्याकडे महाराष्ट्रातही असे, वरून न सांगता ग्रंथाशी भिडून बोलणे घडलेले दिसते. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले, तेही पेन्सिलीने. शाई मिळत नव्हती. पुढे १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना त्याच कोठडीत मिळाली. सुटकेनंतर सरकारने हस्तलिखित काही काळ अडकवून ठेवले, तेव्हा ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असा त्यांचा पवित्रा होता. ग्रंथ इतका भिनला कसा? टिळक गीता नुसती वाचत नव्हते, संन्यासपर भाष्यकारांशी पानोपानी झुंजत होते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने दिली. समोर सगळे कैदी, आणि भराभर उतरवून घेणारे साने गुरुजी. रोजच्या कामाधामाच्या उदाहरणांतून गीता सांगितली नसती, तर तिथे कोण बसले असते?

जुन्या ग्रंथांतून मनःशांती मिळते, असे आपण फार सैलपणे म्हणतो. उशाशी पोथी ठेवून शांती येत नाही. ‘हे मला पटत नाही’ असे तिला सांगण्याची मुभा हवी, आणि ते सांगायला सोबत चार माणसे हवीत. करोनाच्या काळात घराघरांत ऑनलाइन पारायणे झाली. त्यांतली किती टिकली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

१९७० मध्ये रवींद्र कलाक्षेत्रात डीव्हीजींचा सत्कार झाला. त्यात मिळालेले नव्वद हजार रुपये त्यांनी अशी चार माणसे जमवणाऱ्या गोखले संस्थेला देऊन टाकले. बंगळुरूत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाने तिथे जरूर जावे, आणि जमेल त्या कन्नड शेजाऱ्याकडून ‘कग्ग’ समजून घ्यावे.