तांबड्या माशाचे सत्य

जुन्या निसर्गग्रंथांतील माशांची चित्रे पाहताना आपण प्रथम रंगांवर भाळतो आणि ते रंग आले कोठून, हे विचारावयाचे विसरतो. छाप्यातून कागदावर उतरे ती केवळ काळी रेषा. तांबडा, निळा, रुपेरी हे रंग मागाहून प्रत्येक प्रतीवर कुणीतरी कुंचल्याने भरलेले असत. रंगविलेले एक पान नमुना म्हणून समोर ठेवायचे आणि त्याबरहुकूम उरलेली पाने रंगवीत जायचे, असा तो व्यवसाय होता. त्यात स्त्रियाही पुष्कळ होत्या. त्यांची नावे ग्रंथावर क्वचितच आली. तो मासा त्यांनी बहुधा पाहिलेलाही नसे. मग त्यांनी भरलेल्या रंगाला खरे म्हणावे काय?

अटलांटिक महासागरातील मदेरा बेटाचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. या बेटाचा किनारा संपताच समुद्रतळ झपाट्याने खोल जातो. त्यामुळे तेथील कोळ्यांच्या लांब दोऱ्यांना खोल पाण्यातील मासे लागतात. बेटावरील इंग्लिश चर्चचे धर्मोपदेशक रिचर्ड टॉमस लो यांनी त्यांपैकी काही माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. १८३४ साली एका तांबड्या माशाला त्यांनी ‘बेरिक्स स्प्लेंडेन्स’, म्हणजे झळाळणारा बेरिक्स, असे नाव दिले. पुढे १८४३ ते १८६० या काळात मदेराच्या माशांवरील त्यांचा ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघाला. त्यासाठी सी. ई. सी. नॉर्टन आणि एम. यंग यांनी प्रत्यक्ष मासे समोर ठेवून चित्रे काढली.

मासा मेला की त्याचा रंग उतरू लागतो. मद्यार्कात बुडविल्यावर उरलासुरलाही जातो. चित्रकाराच्या हाती असतात ते मोजके तास. त्या तासांची साक्ष नमुन्याच्या पानावर उतरते आणि तेथून अनोळखी हातांकडे जाते. या साखळीत प्रत्येकजण आधीच्यावर विश्वास टाकतो. आपले बहुतेक ज्ञान असेच दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबलेले असल्यामुळे, न पाहता रंगविणे हे आपोआप असत्य ठरत नाही. असत्य तेथे शिरते जेथे हाताला स्वतःच्या हौसेची भर घालावीशी वाटते. १७१९ साली लुई रेनार यांनी ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केलेल्या ईस्ट इंडीजमधील माशांच्या ग्रंथात अशक्य रंगांचे मासे आहेत, आणि एक मत्स्यकन्याही आहे.

परंतु हात कितीही प्रामाणिक असला तरी एक प्रश्न उरतोच. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा अंश सर्वांत आधी गिळते. काही शे मीटर खाली उरतो तो क्षीण निळसर उजेड, आणि त्यात तांबडे शरीर काळे दिसते. म्हणजे बेरिक्सचा तांबडा रंग त्याच्या घरी झळाळत नाही. तो त्याला लपवितो. जे त्याचे पांघरूण, त्यालाच आपण अलंकार मानले, आणि त्यावरून त्याचे नावही ठेवले.

म्हणून चित्र खोटे आहे असे म्हणता येईल काय? तसे नाही. पांढऱ्या प्रकाशात तो मासा तांबडाच दिसतो, आणि प्रकाश नेल्यावाचून आपल्याला कशाचेच ज्ञान होत नाही. किंबहुना चित्राने सांगितलेले सत्य सशर्त आहे, एवढेच. दोष पाहण्यात नाही. ती अट विसरण्यात आहे. हाच दोष माणसांच्या बाबतीत अधिक जड होतो. मृताची खाजगी पत्रे आपण छापतो, दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ लावतो, कुणाचे दुःख चव्हाट्यावर आणून त्याच्या तेजाची वाखाणणी करतो. त्याने जे झाकण्यासाठी बाळगले, ते आपल्या उजेडात सुंदर दिसले, हे खरेच असते. पण त्याच्या अंधारात त्याचे काय काम होते, हे आपण विचारलेले नसते.

त्या जुन्या चित्रांत बहुधा पाणी दाखविलेले नसते. कोऱ्या कागदावर मासा एका कुशीने तरंगत असतो. एके काळी मला ती उणीव वाटे. आता वाटते, त्या कोऱ्या जागेनेच चित्राची अट सांगितली आहे: याला येथे आम्ही आणले आहे.