शोध कुणाचा?

रहस्यकथा वाचणे हे काही पाप नव्हे. खुनी कोण, हा प्रश्न मनाला खिळवून ठेवतो. आणि शेवटी तपास अधिकारी त्याला बेड्या ठोकतो, तेव्हा न्याय झाल्याचे समाधान आपल्याला लाभते. तरीही या समाधानात एक उणीव राहते, असे मला वाटते.

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांची रात्रीच्या अंधारात हत्या होत होती. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी रामन राघवला ओळखून पकडले. पुढे त्याच्यावर चित्रपट निघाले. त्याचे नाव आजच्या तरुणांनाही ठाऊक आहे. परंतु त्याने मारलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय?

आम्हा पाचगणीकरांना तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि तेथून जवळच धोम. ऑगस्ट २०१६ मध्ये एका बेपत्ता स्त्रीचा शोध घेताना पोलिसांनी तेथील जमिनीतून मृतदेह उकरून काढले. सहा जणांच्या हत्येचा आरोप ठेवला गेला. त्यांतील पहिली हत्या २००३ सालची असल्याचे सांगण्यात आले. आरोपीचा न्याय करणे हे न्यायालयाचे काम. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे. त्या १३ वर्षांत घरच्यांचे डोळे वाटेकडे लागले असताना, आपण शेजारीपाजारी 'गेली असेल कुठेतरी' एवढे म्हणून थांबलो काय?

उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या खुनाचा तपास परमेश्वर स्वतः करतो. खुनी कोण, हे त्याला ठाऊकच आहे. म्हणून तो काइनाला प्रथम त्याच्या कृत्याविषयी विचारीत नाही, तर हाबेलाविषयी विचारतो. जमिनीत मुरलेल्या रक्ताचा आक्रोश त्याला ऐकू येतो. काइन मात्र भावाची राखण ही आपली जबाबदारीच नव्हे, असे सुचवून मोकळा होतो.

खुन्याला पकडण्यासाठी पोलीस आहेत. पण स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर येणारी मजूर स्त्री चार दिवस दिसली नाही, तर तिच्या दारी जाऊन चौकशी करण्यास कोणत्याही अधिकाराची गरज नाही. तेथे आपण गप्प राहिलो, तर काइनाचे उत्तर आपलेही ठरते.