गीबत की साक्ष?

गेल्या निवडणुकीत, जुम्म्याच्या नमाजनंतर काही तरुण एका उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मोबाईलवर वाचत होते. जवळच बसलेले एक वृद्ध चाचा मला म्हणाले, "मौलाना, ही गीबत नव्हे का?"

प्रश्न प्रामाणिक होता. सूरह हुजुरातची 6वी आयत बातमीची शहानिशा करायला सांगते. त्याच सूरहची 12वी आयत हेरगिरी व गीबत निषिद्ध ठरवते. मग सीमारेषा कोठे? फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी विवाहाच्या दोन मागण्यांविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकाचे दारिद्र्य व दुसऱ्याची मारकुटी वृत्ती स्पष्ट सांगितली. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. निर्णयाला आवश्यक तेवढेच सांगितले गेले, अधिक नाही.

मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला शहादत म्हटले आहे. साक्ष द्यायची तर माहिती हवीच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002च्या निर्णयानंतर उमेदवाराला स्वतःवरील गुन्हे, संपत्ती, कर्ज व शिक्षण जाहीर करावे लागते. त्याने स्वतः सादर केलेला कागद वाचणे म्हणजे घरात डोकावणे नव्हे. त्याच्या कौटुंबिक कलहाची कुजबुज मात्र गीबतच. आणि प्रलंबित खटला म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. वैरातूनही फिर्यादी होतात.

मला खटकते ते वेगळेच. परक्याचे प्रतिज्ञापत्र आपण ओळीओळीने वाचतो, पण आपल्या जमातीतला, मशिदीला पंखे देणारा उभा राहिला की गीबतीची आठवण येते. मी हे चाचांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्या तरुणांना म्हणाले, "मोठ्याने वाचा, बाबांनो. चष्मा घरी राहिलाय."