नाताळचे कपकेक आणि सारफथची विधवा

शास्त्रभाग : १ राजे १७:८-१६, होशेय ७:८

सारफथच्या विधवेचा वृत्तांत आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहो. देशात अवर्षण पडलेले. मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडेसे तेल उरलेले. आणि ती बाई वेशीजवळ चार काटक्या वेचीत आहे, की घरी जाऊन आपल्यासाठी व मुलासाठी शेवटचे अन्न करावे आणि मग मरणाची वाट पाहावी. अशा वेळी एलीया संदेष्टा तिच्याकडे मागणी करितो, आणि तीही कशी? आधी माझ्यासाठी, मग तुझ्यासाठी व तुझ्या लेकरासाठी! उपाशी मुलाच्या आईपाशी असे मागणे कठोर नव्हे काय? पुष्कळ उपदेशक येथून घाईने चमत्काराकडे वळतात. आम्हांस मात्र त्या मागण्यातील एका शब्दाशी थांबावेसे वाटते. संदेष्ट्याने लहानशी भाकर मागितली. मडक्यात किती आहे हे जाणूनच त्याने मागितले.

हा एलीया आम्हां पनवेलकरांस परका नाही. येथील बेने इस्राएल लोकांचे बेथ एल नावाचे सभास्थान १८४९ साली बांधलेले आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे व शब्बाथ पाळणारे म्हणून ज्यांस लोक शनवार तेली म्हणत, तेच हे लोक. मंगलप्रसंगी व नवस फेडताना ते एलीयाच्या नावाने मलिदा करितात. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर व फळे एवढेच त्यात असते. तो भट्टीवाचून होतो, आणि गरिबाच्या घरीही होतो.

आता आमच्या नाताळाकडे पाहू. करंज्या, शंकरपाळी, चिवडा हा फराळ आमच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्यात अलीकडे केकाची भर पडली, आणि तरुण मुली वाटीएवढे लहान केक, ज्यांस कपकेक म्हणतात, ते घरी करून पाहू लागल्या आहेत. ह्यात वाईट काहीच नाही. परंतु आमच्या पाहण्यात असेही येते, की मंदिरातील उपासनेनंतर फराळाची ताटे मांडिली जातात तेव्हा बेकरीतून आणिलेल्या रंगीत केकाशेजारी आपले साधे, एका बाजूस कललेले केक ठेवण्यास एखाद्या भगिनीस लाज वाटते, आणि ती आपले ताट पदराखाली झाकून घेते. दुसरी कोणी ही लाज टाळण्यासाठी उसनवारी करिते. प्रभूच्या जन्मदिनी, ज्याची आई त्याला गव्हाणीत निजवून संतुष्ट राहिली, त्याच्या घरी हे व्हावे काय?

म्हणून प्रथमच केक करणाऱ्या भगिनींसाठी थोडे तपशिलाने लिहितो. उपदेशाच्या जागी पाककृती कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याने होशेयाचा सातवा अध्याय वाचावा. एफ्राईमाचे पाप सांगताना होशेयाने उलथावयाची राहून गेलेल्या पोळीचा दृष्टांत घेतला आहे. अशी पोळी खालून करपलेली व वरून कच्ची राहते. चुलीजवळ बसलेल्या बाईला हा दृष्टांत विद्वानापेक्षा लवकर कळतो. केक तर उलथिता येत नाही. म्हणून त्यास चोहोंकडून सारखी धग लागेल अशी योजना करावी लागते.

मोठ्या वाटीने मोजून एक वाटी दही व एक वाटी साखर विरघळेपर्यंत घोटावी. त्यात सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून पाच मिनिटे थांबावे, म्हणजे दही फसफसून येईल. मग अर्धी वाटी तेल व थोडा व्हॅनिला अर्क घालून दीड वाटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. येथे जोर करू नये. पोळीची कणीक जितकी मळावी तितकी चांगली, परंतु केकाचे पीठ फार घोटले की त्याला चिकाटी येते व केक चिवट होतो. शास्त्रात ज्या खमिराचा दृष्टांत आहे ते धीराने हळूहळू पीठ फुगविते. सोड्याचे तसे नाही. त्याचा जोर दह्याशी गाठ पडताच सुरू होतो व लवकर सरतो, म्हणून पीठ मिसळल्यावर शेजारणीशी बोलत उभे राहू नये.

भट्टी नसली तरी अडत नाही. कुकरची शिटी व रबर काढून तळाशी बोटभर मीठ किंवा वाळू पसरावी, पाणी घालू नये, आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. तेलाचा हात लावून मैदा भुरभुरलेल्या लहान वाट्या दोनतृतीयांश भराव्या. अधिक भरल्यास पीठ उतू जाते. वाट्या मिठावर न ठेवता जाळीवर ठेवाव्या, नाही तर होशेयाची पोळी हाती येईल. आच मंद करून वीस ते पंचवीस मिनिटे द्यावी, आणि पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडू नये, कारण गार वारा लागताच केक बसतो. शेवटी मध्यभागी काडी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तर आतपर्यंत शिजला असे समजावे. वरचा रंग पाहून निर्णय करू नये. ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्यांनी १८० अंशांवर १८ ते २० मिनिटे द्यावी. बेकरीवाल्याची ओळख असल्यास, दिवाळीत नानकटाईची ताटे भट्टीवर नेण्याची जी रीत आपल्याकडे होती, ती येथेही उपयोगी पडेल.

हे लहान केक मुळातच थाटाचे नव्हेत. अमेलिया सिमन्स नामक अमेरिकन बाईच्या १७९६ सालच्या पुस्तकात लहान पेल्यांत भाजण्याच्या हलक्या केकाची कृती आहे. आपल्या देशातील पहिला नाताळचा केक १८८३ साली केरळातील तलश्शेरी येथे झाला असे सांगतात. मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने विलायतेहून आणिलेला केक चाखावयास दिला, आणि मंबळ्ळी बापू ह्या बिस्किटे करणाऱ्या हिंदू गृहस्थाने, तसा केक पूर्वी कधी केलेला नसता, आपल्या भागात मिळणाऱ्या वस्तू घालून तो करून दाखविला. ख्रिस्ती सणाचे पक्वान्न अख्रिस्ती हातांनी झाले ह्याचे आम्हांस मुळीच नवल वाटत नाही. सारफथ हे गाव सीदोन प्रांतातले. इस्राएलात पुष्कळ विधवा असता एलीयाला त्या परदेशी विधवेकडे धाडिले, ह्याची आठवण प्रभूने स्वतः नासरेथच्या सभास्थानात करून दिली, व त्यावरून लोक रागावले.

सजावटीविषयी थोडे सांगतो. शंभर ग्रॅम मऊ लोणी व दोनशे ग्रॅम बारीक पिठीसाखर पांढरे होईपर्यंत फेसावी. ज्या मुलींस मेंदीचा कोन धरता येतो त्यांस हे काम शिकवावे लागत नाही. तशाच जाड कागदाच्या कोनातून फूल किंवा तारा काढावा, वर टूटीफ्रूटीचा एखादा तुकडा, जो मुळात कच्च्या पपईचाच असतो, तेवढा पुरे. मात्र केक पूर्ण निवल्यावाचून हात लावू नये. ऊन केकावर सारी शोभा वितळून ओघळते, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तर डिसेंबरातील दुपारीही लोणी ठरत नाही; सकाळी किंवा दिवेलागणीनंतर हे काम करावे. लोण्याची ऐपत नसेल त्यांनी पिठीसाखर भुरभुरावी. तीही नसेल तर काही अडत नाही.

आता पहिला केक कोणाला? घरातील मुले हात पुढे करितील, आणि आईचे मन त्यांच्याकडेच ओढेल. तरी सारफथच्या घरी काय झाले ते आठवावे. पहिले ताट बाहेर जावे : आळीतील एकट्या म्हातारीकडे, ज्या घरी यंदा मृत्यू झाला तेथे, आणि दिवाळीत ज्यांनी आपल्याकडे फराळ पाठविला त्या शेजाऱ्यांकडे. वरील कृतीत अंडे नाही ते ह्याच हेतूने. पुष्कळ हिंदू घरी मार्गशीर्षात ते वर्ज्य असते, जैन घरी तर नेहमीच. तेव्हा ताट देताना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे घेणाऱ्यास संकोच राहणार नाही.

आणि मडके? ते काठोकाठ भरले असे शास्त्र कोठेही सांगत नाही. पीठ सरले नाही, एवढेच सांगते. दुसऱ्या दिवशीही त्या बाईला मडक्याच्या तळाशी हात घालूनच पीठ काढावे लागले असेल, आणि तिसऱ्या दिवशीही. ती पहिली भाकर गोल झाली होती की वाकडी, ह्याची नोंद नाही. तिने, एलीयाने व तिच्या घरच्यांनी पुष्कळ दिवस खाल्ले, ही नोंद आहे.

दह्याचे केक दोन दिवस टिकतात, लोण्याची शोभा केलेले त्याच दिवशी संपवावे. म्हणून २४ तारखेच्या सायंकाळी, उपासनेला निघण्यापूर्वीच, शेजारची ताटे पोचती करावी.