हौसेची नाव

काम नसताना नदीत उतरावं का? यंदा हा प्रश्न आमच्या घरातच उभा राहिला. पाऊस ओसरला, प्राणहितेचं पाणी निवळलं आणि पुतण्याने हवा भरायची कयाक आणली. मोसमातली पहिली फेरी कधी करू, असं त्याला झालंय. सासूबाईंचं म्हणणं एकच, "पलीकडे काही काम आहे का रे? नाही ना? मग पाणी कशाला ढवळायचं?"

सासूबाईंच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अनर्थदंडव्रत हे एक. प्रपंचात घडणारी सगळी हिंसा गृहस्थाला टळत नाही. पण जिच्यातून काहीच साधत नाही ती तरी टाळा, एवढंच ते सांगतं. समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत. त्यातली एक प्रमादचर्या. कारण नसताना माती उकरणं, पाणी ढवळणं, झाडपाला तोडणं तिच्यात येतं, आणि उगाच हिंडणंसुद्धा. म्हणजे कयाक थेट यादीतच सापडली!

पण काम असलं की सगळं माफ आणि हौस म्हटली की पाप, असा सरळ हिशेब मला पटत नाही. कयाक मुळात हौसेची वस्तूच नव्हती. बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांनी लाकडाच्या नाहीतर हाडांच्या सांगाड्यावर कातडं ताणून ती बनवली, ती सील मारायला. तिथे ती पोटाची गरज होती आणि रक्ताशी बांधलेली होती. आज तीच कुणाला न मारता पाण्यावर फिरते.

आता कामाची नाव बघा. वर्धा आणि वैनगंगा मिळून आपली प्राणहिता होते. त्या वैनगंगेत, गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ, जानेवारी २०२४ मध्ये नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बायका बुडाल्या. यांच्याहून मोठं काम कुणाचं असणार? पण काम मोठं म्हणून नदी कुणाला सांभाळून घेत नाही. हौसेने जाणारा जाकीट घालून जातो. मजुरीला डोंग्याने जाणारीला ते बहुधा मिळतच नाही. याची लाज आपल्याला वाटायला हवी.

तेव्हा खरा शब्द 'प्रमाद' हाच. प्रमाद म्हणजे आनंद नव्हे, बेसावधपणा. तो हौसेत असतो तसा कामातही असतो, अगदी दयेतही असतो. बेज्जूरच्या रानात पेद्दवागूच्या काठी पालारापूचा कडा आहे, तिथे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली आहेत. देशातली गिधाडं जवळजवळ संपली ती डायक्लोफेनॅक या औषधाने. ते कुणी वाईट हेतूने दिलं नव्हतं. गाईबैलांचं दुखणं कमी व्हावं म्हणून दिलं होतं. ती जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेही हिवाळा लागला की. म्हणजे पाणी निवळून आपले हात वल्ह्याकडे जातात, नेमकं तेव्हाच. पिल्लू उडेपर्यंत उन्हाळा येतो, नदीत वाळू वर येते. म्हणून इथे तारीख पुढे ढकलून भागत नाही, वाट बदलावी लागते. कड्याची बाजू सोडून द्यायची. गाणी लावायची नाहीत, आरडाओरडा नाही. जाळी टाकलेली असतील तिथून लांबून जायचं. धार कुठे ओढते ते डोंगेवाल्याला आधी विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर उतरायचंच नाही.

एवढं पाळून कुणी घटकाभर नदीवर तरंगलं, पाणी जवळून पाहिलं, तर त्याला मी अनर्थ म्हणणार नाही. आणि एवढं पाळायची तयारी नसेल, तर पलीकडे कितीही मोठं काम असो, त्याने काठावरच थांबावं.