राखण

एका गावात एक शेतकरी बाई होती. अंगावरून फार जाऊ लागले, म्हणून ती तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे गेली. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ दिसली. अशा गाठी पुष्कळ जणींना होतात आणि बहुतेक निरुपद्रवीच असतात. तरी डॉक्टरबाईंनी पिशवी गाठीसकट अखंड काढली. गाठ वाईट निघालीच, तर तिचे कण पोटात पसरायला नकोत, म्हणून आत तुकडे केले नाहीत.

"गाठ निघाली ना? मग तपासायचा खर्च कशाला?" नवऱ्याने विचारले.

"वरून साऱ्या सारख्याच दिसतात, दादा," असे म्हणून डॉक्टरबाईंनी गाठ पॅथॉलॉजिस्टकडे पाठवली.

पॅथॉलॉजिस्ट वयस्क होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके वेडीवाकडी दिसली. मेलेला भाग कुठे आढळला नाही. मग त्यांनी विभाजन होत असलेल्या पेशी मोजल्या. दहा दृष्टिक्षेत्रांत दहा भरल्या असत्या, तर कॅन्सर म्हणावे लागले असते. भरल्या आठ, म्हणजे ठामपणे ना हो म्हणता येईना, ना नाही. त्यांनी आणखी काप घेतले, पुन्हा मोजले आणि काचा शहरातल्या जाणकारांकडे धाडल्या. त्यांचेही मत तेच पडले. अहवालात लिहिले गेले, 'स्टम्प'. म्हणजे स्नायूची अशी गाठ, जिचा पुढचा स्वभाव आज सांगता येत नाही.

मुलगा वैतागला. "कॅन्सर आहे की नाही, एकदाच काय ते सांगा!"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही म्हटलं, तर तुम्ही परत येणार नाही. आहे म्हटलं, तर नको ती जहाल औषधं सुरू होतील. लक्ष ठेवायला हवं, एवढंच आज खरं आहे. दर सहा महिन्यांनी आईंना आणा."

सगळे गप्प झाले. मग बाईच बोलली, "डुकरं दिसली नाहीत म्हणून आपण शेताची राखण सोडतो का? मी येईन."

ती येत राहिली. पेरणी असो, सुगी असो, तिची फेरी चुकली नाही. चौथ्या वर्षी स्कॅनमध्ये फुप्फुसात एक बारीक गाठ दिसली. तपासणीत ती पहिलीच्याच जातीची निघाली. पण एकच होती, लहान होती, म्हणून शस्त्रक्रियेने पुरती काढता आली. बाई पुन्हा शेतात जाऊ लागली, आणि तपासणीलाही.

ठाम उत्तर सर्वांनाच हवे असते. पण जिथे ते नसते, तिथे शंकेला शंकाच म्हणणे हा वैद्याचा प्रामाणिकपणा, आणि ती ऐकून न घाबरता, न विसरता जागे राहणे हा रुग्णाचा शहाणपणा. बाईचा जीव या दोन्हींनी मिळून राखला.