पाचवी चिमणी

एखाद्या प्राण्याच्या जिवाची किंमत किती समजावी, हा प्रश्न विद्वानांच्या ग्रंथांपुरता नाही. कित्येकदा तो आपल्या बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातील मेजावर येऊन बसतो. पुष्कळ घरांतून आज माशांची काचपेटी हौसेने ठेवली जाते. मुलांना आनंद होतो, देवाच्या निर्मितीकडे शांतपणे पाहत बसण्याची सवय लागते. आम्हांला तिचे कौतुकच आहे. परंतु नवी पेटी मांडल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात जे घडते, त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याचाच आज विचार करू.

पेटी आणली, वाळू धुऊन घातली, पाणी भरले, पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशी पाणी इतके नितळ दिसते की, आता मासे सोडण्यास काय हरकत, असे वाटते. हरकत आहे ती डोळ्यांना न दिसणारी. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनिया निघतो. हे विष आहे. कालांतराने वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर सूक्ष्म जंतू वस्ती करतात. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. नायट्राइटही विषच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. मग दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. ते थोड्या प्रमाणात फारसे बाधत नाही, आणि अधूनमधून काही पाणी बदलले की कमी होते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जंतूंचे कार्य जगापुढे मांडले. ही वस्ती पुरती बसण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी ते माशांचे घर झालेले नसते.

मग घर तयार झाले हे ओळखावे कसे? त्यासाठी तपासणीचे किट मिळते. नळीत पेटीतील थोडे पाणी घ्यावे, सांगितलेले थेंब टाकावेत, काही मिनिटे थांबावे आणि आलेला रंग सोबतच्या पट्टीशी ताडून पाहावा. पाण्याचा आम्ल-अल्कली गुण, म्हणजे पीएच, हाही तपासावा. कारण पाणी जितके अल्कधर्मी, तितका तोच अमोनिया अधिक घातक. नळाचे पाणी इंदूरला नर्मदेचे असो, ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे असो की बेळगावला राकसकोपचे, त्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. तो उपकारक जंतूंनाही मारतो, म्हणून क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच ते पाणी वापरावे.

येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट अशी की, रिकाम्या पेटीत मोजून थोडा शुद्ध अमोनिया घालावा, किंवा चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्यावे, आणि दर एक-दोन दिवसांनी पाणी तपासत राहावे. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो; त्यामागून नायट्राइट चढते आणि उतरते. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन दोन्हींचे माप शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे पेटी तयार झाली. मग बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला, तर तो विरजणासारखा उपयोगी पडतो.

दुसरी वाट सोपी व स्वस्त आहे. चार-पाच काटक, कमी किमतीचे मासे आधी सोडायचे. जगले तर पाणी चांगले. मेले तर पुन्हा चार आणायचे. महागाचे, देखणे मासे मागाहून. किटच्या किमतीत असे कितीतरी मासे येतात, म्हणून हिशेबही याच बाजूने पडतो. पूर्वी ही रीत सर्रास होती, आणि आजही ती पुष्कळ ठिकाणी चालते.

यात काय वावगे आहे? कोणी म्हणेल, “मासा तो काय! आम्ही मासे खातो. प्रेषितांत कोळी होते. पुनरुत्थित प्रभूनेही शिष्यांसमोर मासा खाल्ला, असे लूक २४ व्या अध्यायात सांगतो.” हे सर्व खरे आहे, आणि मासे खाणाऱ्यास दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु अन्नासाठी जीव घेणे ही एक गोष्ट, आणि आपली महिनाभराची वाट पाहणे वाचावे म्हणून एका जिवाला विषात ठेवून त्याच्या तडफडण्यावरून पाणी मोजणे ही दुसरी. पहिल्या बाबतीत गरज बोलते. दुसऱ्या बाबतीत आपली घाई बोलते. शिवाय कोळी माशाला घर देण्याचे वचन देत नाही. पेटी मांडणारा देतो. ज्याला आपण पाळणार म्हणून घरी आणले, त्याचे पाणीही आपल्याच हाती असते. त्याला दुसरीकडे पळून जाता येत नाही. नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान मनुष्याची जी खूण सांगितली आहे ती हीच, की तो आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील क्रमही पाहावा. तिसऱ्या दिवशी जले व कोरडी भूमी वेगळी झाली. जलचर आले ते पाचव्या दिवशी. घर आधी, रहिवासी मागून. जो एका शब्दाने सर्व काही करू शकत होता त्याने क्रम पाळला. मग आपणच का घाई करावी?

शुभवर्तमानात चिमण्यांचा भाव दोनदा येतो. मत्तय १०:२९ मध्ये एका दमडीला दोन. लूक १२:६ मध्ये दोन दमड्यांना पाच. हिशेब केला तर चारच व्हायला हव्यात. पाचवी चिमणी वरकड, फुकट दिलेली. बाजारात जिची किंमत शून्य, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. चाचणीसाठी सोडलेला तो काटक मासा म्हणजे आपल्या बाजारातील पाचवी चिमणीच होय.

ही सवय पेटीपुरती राहिली असती, तर आम्ही इतके लिहिले नसते. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत विसाव्या शतकाच्या आरंभापासून विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत असत. पक्षी कोसळला की माणसे मागे फिरत. १९८६ साली यंत्रांना त्यांची जागा देण्याचे ठरले. तेथे निदान पक्ष्यामुळे माणूस वाचत होता. आपल्या देशात तुंबलेल्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये आतली हवा न तपासता माणूसच उतरवला जातो. आतील हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. नितळ पाण्यासारखाच हाही धोका इंद्रियांना चकवतो. २०१३ च्या कायद्याने अशा जोखमीच्या सफाईस माणूस लावणे हा गुन्हा ठरवला आहे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे उतरवली जातात, कारण हवा तपासण्याच्या यंत्रापेक्षा आणि मैला ओढणाऱ्या गाडीपेक्षा त्या माणसाचा दिवस स्वस्त पडतो. स्वस्त जिवाला मापक करण्याची हीच ती रीत. आणि तो माणूस बहुधा कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्या मंडळ्यांना सांगावयास नको; आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्याच वस्त्यांतून आले.

चर्चच्या आवारात, आपल्या शाळांत व वसतिगृहांत सेप्टिक टँक आहेत. ती तुंबली म्हणजे पंचकमिटी कोणाला बोलावते, तो आत उतरतो काय, आणि त्याच्या सुरक्षेची जबाबदारी कोणी घेतली आहे, हे पुढील बैठकीत विचारावे, अशी आमची विनंती आहे. गाडीचे भाडे अधिक पडेल, ते द्यावे.

मासा आणि माणूस यांची किंमत सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रभूनेही चिमण्यांविषयी बोलताना माणसाचे मोल पुष्कळ अधिक सांगितले. परंतु ज्या घरात मुले महिनाभर रिकाम्या पेटीतील पाणी तपासतात, रंग पट्टीशी ताडतात, आणि माप शून्यावर येईपर्यंत मासा आणत नाहीत, त्या घरात ती एक गोष्ट शिकतात: धोका आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्याहून दुर्बळाला पुढे ढकलावयाचे नसते. थोरपणी ही मुले पंचकमिटीवर बसतील, तेव्हा या शिकवणीचा उपयोग होईल.